पेलेआजी दारावरून परत गेली

पेलेआजी आमच्या हेआलानी आंटीच्या दारावरून परत गेली, त्याला वर्ष होत आलं, तरी आंटीचा राग उतरला नव्हता.

ज्वालामुखी फुटला आणि लाव्हा आंटीच्या गल्लीकडे निघाला, तेव्हा सरकारी माणसं भोंगे लावून घरं रिकामी करा म्हणून फिरायला लागली. लोकांनी गाडीत टीव्ही घातले, कुत्री घातली, लग्नाचे अल्बम घातले. आंटीनं बादली आणि फडकं घेतलं. लाव्हा म्हणजे पेलेआजी, ज्वालामुखीची देवी. जमीन तिची, तिनं आपल्याला राहायला दिलेली. आता ती घरी येणार म्हणजे घर पाहुणीला शोभेल असं हवं. आंटीनं फरशी पुसली, वाळल्यावर पुन्हा पुसली. पडदे धुऊन इस्त्री करून लावले. फ्रिजच्या मागे हात घालून वर्षानुवर्षांची धूळ काढली, जणू आजी आल्या आल्या फ्रिज सरकवूनच बघणार होती. टेबलावर हिरवी पानं अंथरली, त्यावर ओहेलोची लाल फळं आणि जिनची बाटली ठेवली. साधी जिन नाही, दुकानात कुलपात ठेवतात ती. मग दार सताड उघडं टाकून ती नवऱ्याबरोबर, म्हणजे क्लॅरेन्स अंकलबरोबर, हिलो शहरात आमच्या घरी आली आणि वाट बघत बसली.

आजी आली. गल्लीच्या तोंडापासून एकेक घर घेत आली. आंटीच्या पत्रपेटीपर्यंत आली. तिथं थबकली. आणि वळसा घालून शेजारच्या मापुआना आंटीकडे गेली.

मापुआना आंटीच्या सिंकमध्ये तेव्हा आठवडाभराची भांडी पडलेली होती. हे कुणी चहाडी करून सांगितलेलं नाही. ती स्वतःच चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून सगळ्यांना सांगायची.

"भांडी तशीच होती गं. आवरायला सुद्धा वेळ मिळाला नाही. तरी आली. माणसाचं मन बघते ती."

हे ऐकताना हेआलानी आंटी प्रार्थनेचं पुस्तक असं घट्ट धरायची की त्याची बांधणी खिळखिळी झाली.

लोकांना वाटायचं, आंटीचं घर वाचलं, नशीबवान बाई. घर वाचलं होतं खरं, पण चारी बाजूंनी लाव्हा थिजलेला, रस्ता गडप, आत जायला वाट नाही. त्यामुळे घर असूनही आंटी आणि अंकल हिलोत आमच्याकडे, म्हणजे माझ्या खोलीत, राहत होते आणि मी गॅरेजमध्ये. आणि घर वाचल्याबद्दल कुणी अभिनंदन केलं की आंटी विचारायची, "तुमच्या घरी बोलावलेला पाहुणा फाटकातून परत गेला तर तुम्ही पेढे वाटाल का?" पेढे नाही, ती मालासादा म्हणाली होती, पण गोड ते गोडच.

रोज जेवताना नवी शंका निघायची. पडद्यांचा रंग चुकला का. जिन फार महागाची घेतली, शेखी वाटली असेल का. एकदा तिनं माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "नोहेआ, तू त्या दिवशी आमच्याकडे आला होतास. बूट घालून आत गेला नव्हतास ना?"

मी नाही म्हणालो. तरी पुढचे काही दिवस ती माझ्या बुटांकडे बघायची.

माझी नोकरी हिलोच्या विमानतळावर, हेलिकॉप्टरवाल्यांकडे. टूरिस्टांना ज्वालामुखीवरून फिरवून आणतात, तिथं मी माणसं मोजतो. म्हणजे त्यांची वजनं. हेलिकॉप्टर हे फार नाजूक प्रकृतीचं वाहन आहे. कुणाला कुठं बसवायचं हे माणसाच्या इच्छेवर नाही, वजनावर ठरतं. काटा जमिनीत पुरलेला आहे, वर पायपुसण्यासारखा रबरी तुकडा, आणि आकडा फक्त माझ्या पडद्यावर दिसतो. त्या रबरावर उभा राहिला की जगातला प्रत्येक माणूस पोट आत घेतो. पोट आत घेतल्यानं ते जातं कुठं, हे अजून मला कुणी सांगू शकलेलं नाही.

तर एके दिवशी भात वाढता वाढता आंटी म्हणाली, "मला वरून बघायचंय."

"काय?"

"माझं घर. काहीतरी घाण राहिली असणार. आतून दिसली नाही, बाहेर असेल. वरून दिसेल. तुझ्या त्या भिंगरीत मला बसव."

अंकलच्या हातातला चमचा तोंडाशी जाऊन थांबला. मग तो चमचा परत ताटात आला. अंकल अन्न परत ठेवणाऱ्यांतले नाहीत, म्हणून मी लक्षात ठेवलं.

जेवणं झाल्यावर अंकल गॅरेजमध्ये माझ्या खाटेवर येऊन बसले.

"तिला वर नेऊ नकोस."

"का?"

"छपरावर जबडे आहेत."

"कुणाचे?"

"माझे." मग जरा विचार करून, "म्हणजे डुकरांचे."

अंकल रानडुकरांची शिकार करतात. मोठं डुक्कर मारलं की त्याचा जबडा वाळवून गाडीच्या शेडमध्ये टांगायचा, ही आमच्याकडच्या शिकाऱ्यांची रीत. अंकलची शेड म्हणजे दंतवैद्याचं स्वप्न होतं. आता पेलेआजी आणि डुक्कर यांचं जमत नाही. डुकरांचा देव तिचा जुना नवरा. दोघांचं फाटलं, बेटाची वाटणी झाली, आणि तेव्हापासून तिच्या हद्दीत शहाणा माणूस डुकराचं मटण घेऊन जात नाही. त्यामुळे पाहुणी यायच्या आदल्या दिवशी आंटीनं अंकलना सगळ्यात आधी कुठलं काम सांगितलं असेल, तर ते जबडे उतरवून लांब नेऊन टाकायचं.

"टाकले म्हणाला होतात ना तुम्ही?"

"टाकलेच. छपरावर टाकले."

"टाकले की मांडले?"

अंकल खाटेच्या दोरीशी चाळा करत बसले. "गोल मांडले. म्हणजे कुठल्याही बाजूनं आली तरी दिसावेत."

"पण छपरावर कशाला?"

"खाली ठेवले असते तर तुझ्या आंटीला दिसले असते."

"अंकल, त्या घरावरून दिवसभर हेलिकॉप्टरं जातात. तुम्ही अंगणात उभे राहून त्यांना शिव्या घालायचात."

"टूरिस्ट लाव्हा बघायला जातात. छपरं कोण बघतं?" मग त्यांनी खाटेची दोरी सोडली. "ते घर मी माझ्या हातानं बांधलंय रे. एकेक खिळा मी ठोकलाय. आजीला काय, सगळं बेट तिचं आहे. मला तेवढंच होतं."

यावर मी काही विनोद केला नाही. सुचला होता, पण केला नाही.

"आंटीला कळलं तर?"

"सोडून गेली तर बरं," अंकल म्हणाले. "पण ती अशी सोडणार नाही. बोलत राहील."

मग आमचा बेत ठरला. जाताना घर डाव्या हाताला येतं. आंटीला उजव्या खिडकीत बसवायचं.

"उजवीकडे काय दिसतं?"

"समुद्र."

"बस. तिला समुद्र दाखव."

बेत चांगला होता. रविवारी चर्चमध्ये आंटीनं तो मापुआना आंटीसमोर बोलून दाखवला नसता, तर टिकलाही असता.

"वरून बघणार आहेस?" मापुआना आंटी म्हणाली. "मग मी पण येते. माझं घर कुठं होतं ते तुला एकटीला कळायचं नाही. आजी कुठल्या दारानं आत आली, तेही दाखवीन."

उड्डाणाच्या दिवशी दोघी ठेवणीतले फुलाफुलांचे पायघोळ झगे घालून आल्या, डोक्यावर विणलेल्या टोप्या, आणि हातात एकेक पिशवी. पिशव्यांत खाणं. ड्वेन पायलट असला तरी काय झालं, कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. हेआलानी आंटीच्या पिशवीत मालासादा होते. मापुआना आंटीच्या पिशवीत डबा होता, डब्यात तारोचे उकडलेले कंद, आणि त्याखाली आणखी एक डबा.

"हे पण वजनात धरायचं?" मापुआना आंटीनं विचारलं.

"वर जाणारं सगळं धरायचं, आंटी."

"अरे, हे ड्वेन खाणार आहे."

"ड्वेन पण वरच जातो, आंटी."

हेआलानी आंटी काट्यावर उभी राहिली. मापुआना आंटी माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यात बघायला लागली. मी पडदा हातानं झाकला.

"किती भरली?"

"सांगता येत नाही."

"येणारच नाही. बिचारा काटा."

"घर गेलं बिचारीचं," हेआलानी आंटी समोरच्या भिंतीवरच्या ज्वालामुखीच्या फोटोला म्हणाली, "वजन तेवढं मागं राहिलं."

मग मापुआना आंटी उभी राहिली. आकडा आला. मी पुन्हा बघितला. दोघींचं वजन तंतोतंत सारखं होतं, पिशव्यांसकट. हे मी तुम्हाला सांगतोय, पण हिलोत कुणाला कळलं तर मला बेट सोडावं लागेल.

पायलट ड्वेन फुजिमोटो कागद बघून खूश झाला. "एक या खिडकीत, एक त्या खिडकीत. इतका समतोल मला आयुष्यात मिळाला नव्हता." मग त्यानं काचेतून त्या दोघींना बघितलं. दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून विरुद्ध दिशांना बघत होत्या. "मधे कुणीतरी हवं पण. तूच बस."

मी तिथं इतकी वर्षं माणसं मोजत होतो, पण वर कधी गेलो नव्हतो. काम सोडून जाणार कोण. तेव्हा मागच्या बाकावर डावीकडे मापुआना आंटी, उजवीकडे हेआलानी आंटी, मधे मी आणि खाण्याच्या पिशव्या. पुढं ड्वेनशेजारी नेब्रास्काहून आलेलं एक नवविवाहित जोडपं, दोघंही उन्हानं उकडलेल्या खेकड्यांसारखी लाल. क्लॅरेन्स अंकल कुंपणापाशी उभे होते. आम्ही वर उठलो तसे ते लहान लहान होत गेले, पण त्यांची काळजी तेवढीच दिसत राहिली.

सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. कुणीही बोललं की सगळ्यांना ऐकू येतं. खाली मॅकाडेमियाच्या बागा गेल्या, पपईची शेतं गेली, आणि मग एकदम काळं लागलं. काळं आणि काळं. आपण राहतो तिथं, पण असं वरून बघितलं की वाटतं, कुणीतरी डांबराचं पिंप उलथवून पळून गेलंय.

"समुद्र किती छान दिसतो नाही, आंटी," मी म्हणालो.

"समुद्र मला घरूनही दिसतो," आंटी म्हणाली.

तेवढ्यात ड्वेनचा आवाज मऊ झाला. टूरिस्टांसाठीचं त्याचं पाठ केलेलं भाषण सुरू झालं होतं, आणि ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आता डाव्या हाताला बघा. एवढ्या काळ्या लाव्ह्यात एकच हिरवा तुकडा. त्यात एकच घर. चारी बाजूंची घरं गेली, हे राहिलं. का राहिलं? छपराकडे बघा. त्या घरातल्या म्हातारीनं, घर सोडण्याआधी, देवीसाठी छपरावर पांढऱ्या फुलांचा हार अंथरला. देवीनं तो बघितला आणि तिचं मन द्रवलं. वर्ष झालं. हार अजून तसाच आहे."

पुढची नवरी रडायला लागली. बहुतेक नवऱ्या इथंच रडतात, असं ड्वेननं मला नंतर सांगितलं. कंपनीच्या सगळ्या फेरीत लोकांना हेच घर जास्त आवडतं. लाव्हा दुसऱ्या नंबरला.

"कुठली म्हातारी?" उजव्या खिडकीतून प्रश्न आला. "मी कुठे हार घातला?"

मापुआना आंटीचं नाक डाव्या काचेला चिकटलेलं होतं. मग अगदी हळू, मायेनं म्हणाली, "हेआलानी, तुझ्या हाराला दात आहेत गं."

मी पिशवीतला एक मालासादा काढून तोंडात कोंबला, म्हणजे मला कुणी काही विचारू नये.

"ड्वेन, वळव," हेआलानी आंटी म्हणाली.

तो तसाही वळवणारच होता. आधी डाव्या बाजूला दाखवायचं, मग उलटी गिरकी घेऊन उजव्या बाजूला, म्हणजे खाली उतरल्यावर कुणी तक्रार करत नाही. सगळे पायलट असंच करतात. आमच्या बेतात हे धरलेलं नव्हतं, कारण बेत करणाऱ्या दोघांपैकी एकही कधी हेलिकॉप्टरात बसला नव्हता.

घर उजव्या खिडकीत आलं. आंटीनं चष्मा पुसला.

"अजून खाली घे."

"आंटी, नियम आहे. याच्या खाली..."

"ड्वेन, चर्चच्या शाळेत तुझी चड्डी कोण बदलायचं?"

हे नेब्रास्कापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. हेलिकॉप्टर खाली आलं.

आता स्पष्ट दिसत होतं. हिरवं पत्र्याचं छप्पर, त्यावर उन्हानं पांढरे झालेले जबडे, गोल, अगदी समान अंतरावर. अंकल सुतार आहेत, हात सुबक. आणि बरोबर मधोमध सगळ्यात मोठा, त्यांच्या लग्नाच्या वर्षी मारलेला. तो तर मी जड अंतःकरणानं पुरला, असं त्यांनी सांगितलं होतं. डोळेही पुसले होते.

मी आंटीकडे बघायचं टाळलं. ज्वालामुखीवर आल्यावर ज्वालामुखी बघावा, असा विचार केला. पण शेजारून काहीच आवाज येईना, म्हणून शेवटी बघितलं. आंटीचा चेहरा फुललेला होता. वर्षभरात मी तिला असं बघितलं नव्हतं.

"म्हणजे फरशी स्वच्छ होती," ती म्हणाली.

मग तिनं एकेक बोट दुमडत मोजायला सुरुवात केली.

"पडदे बरोबर होते. जिन बरोबर होती. ती आली होती. माझ्याकडेच आली होती, फाटकापर्यंत आली, आणि समोर तिला हे दिसलं." ती माझ्यावरून वाकून पलीकडे बघायला लागली. "मापुआना, तुझ्याकडे ती निमंत्रणानं आलेली नाही. तू जवळ होतीस एवढंच. हॉटेल बंद दिसलं की माणूस पेट्रोल पंपावर जेवतो, तसं."

"ती फुलं नाहीत का?" पुढची नवरी विचारत होती.

ड्वेननं संगीत लावलं.

परतीच्या वाटेवर मापुआना आंटीनं आपली पिशवी मांडीवर ओढली. ती कशात अडकलीय ते मला दिसत होतं. जबड्यांमुळे आजी वळली हे मान्य करावं, तर तिचं घर क्लॅरेन्समुळे गेलं म्हणता येत होतं, आणि त्याला धारेवर धरता येत होतं. पण मग आजी मन बघून आली, हे हातचं जात होतं. आणि आजी मन बघूनच आली म्हणावं, तर क्लॅरेन्सला काहीच म्हणता येत नव्हतं. दोन्ही एकदम मिळण्यासारखं नव्हतं. ती पिशवीतला तारो काढून खात विचार करत राहिली. तो ड्वेनसाठी होता, हे सांगायची ती वेळ नव्हती.

खाली उतरलो तर क्लॅरेन्स अंकल कुंपणाच्या आत आले होते. हातात फुलांच्या दोन माळा. एक त्यांनी हेआलानी आंटीच्या गळ्यात घालायला उचलली आणि तिचा चेहरा बघून तशीच धरून ठेवली.

"मोठा मधे का ठेवलास?" आंटीनं विचारलं.

अंकलनं माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

"शोभा यावी म्हणून," अंकल म्हणाले.

"वर्षभर मी फरशीला दोष देतेय. या पोराच्या बुटांना दोष देतेय. तू समोर बसून भात खात होतास."

"घर वाचलं ना पण," अंकल अगदी बारीक आवाजात म्हणाले.

आंटीनं रुमाल काढून नाक पुसलं. बराच वेळ पुसलं. रुमालामागं ती हसली असावी, कारण रुमाल बाजूला झाला तेव्हा चेहरा जरा जास्तच कडक होता. "उद्या लाव्ह्यावरून चालत जायचं," ती म्हणाली. "सगळे उतरवायचे. आजीची माफी मागायची. आणि तिला सांगायचं, चूक क्लॅरेन्सची होती, हेआलानीची नव्हती. दोघांची पूर्ण नावं घेऊन सांगायचं."

"बरं."

"आणि माझं?" मागून मापुआना आंटी म्हणाली.

सगळे वळले. मापुआना आंटीनं झगा सारखा केला, टोपी सारखी केली.

"आधी एक सांगते. आजी माझ्याकडे आपल्या मनानं आली."

"मुळीच नाही," हेआलानी आंटी म्हणाली.

"मला बोलू दे. आपल्या मनानं आली. पण आली ती चिडून. शांतपणे आली असती तर घर घेऊन गेली असती, ते तिचंच होतं. माझं बाथरूम घराच्या मागं होतं, वेगळं. बाथरूम घ्यायचं तिला काय काम? ते घेतलं ते रागाच्या भरात. आणि राग क्लॅरेन्सवरचा होता."

यावर सगळ्यांनी विचार केला. ड्वेन हेडफोन गळ्यात अडकवून उभा होता. तो म्हणाला की बोलण्यात तथ्य आहे. नेब्रास्काचा नवरा सुद्धा मान हलवत होता, आणि त्याला तर अर्ध्याहून जास्त कळलेलं नव्हतं.

हेआलानी आंटी शत्रूकडे नवीनच आदरानं बघत होती. "बाथरूम त्याच्याकडे लागतं," ती शेवटी म्हणाली. "घर नाही. बाथरूम लागतं."

"बांधून देतो," अंकल म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

"पण कुठं बांधणार?" मी विचारलं.

"होतं तिथं," मापुआना आंटी म्हणाली.

"आंटी, तिथं लाव्हा आहे. रस्ता नाही, पाणी नाही. घरच नाही."

"मी वापरायला कुठं मागतेय? मी न्यायानं मागतेय."

अंकलनं कानामागची पेन्सिल काढली, माझ्या हातातला वजनांचा कागद घेतला, उलटा केला आणि हेलिकॉप्टरच्या पायरीवर ठेवून चौकोन काढला. ते गुडघ्यावर बसलेले, आणि दोन्ही आंटी दोन बाजूंनी वाकून बघत होत्या.

"दार कुठल्या बाजूला हवं?"

"डोंगराकडे," मापुआना आंटी म्हणाली. "आजी परत आली तर वळसा नको पडायला."

अंकलनं डोंगराच्या बाजूला दार काढलं. दाराखाली नेहमीच्या सवयीनं एक रेघ ओढली.

"उंबरा नको," हेआलानी आंटी म्हणाली. "म्हातारी आहे ती."

मापुआना आंटीनं मान डोलावली. अंकलनं पेन्सिल उलटी धरली आणि उंबरा खोडला.